आक्काचा तलाठी

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मधेच उठून सांगायला नको. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणकाच्या लॅबमध्ये नोकरीला होते आणि निवृत्ती तोंडावर आली असताना, ऐन खंडेनवमीला, मी एका नारळापायी खोलीभर संगणकांना निनावी करून ठेवलं. पंखे फिरतायत, दिवे लुकलुकतायत आणि कोण कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही, अशी गत. हा पराक्रम करणारी मी तेव्हा काही पोर नव्हते. डोकं निम्मं पांढरं झालेलं, कमरेला लॅबच्या किल्ल्या आणि फ्लॉपीच्या काळापासून संगणक पुसत आलेय म्हणून संगणकाला माझ्याइतकं कोण ओळखतं, असा तोरा. आज नातवंडांची आजी होऊन मागं बघते तेव्हा वाटतं, त्या बाईला मी आताच्या घरात धुणं वाळत घालायलासुद्धा ठेवली नसती. पण त्या बाईची अब्रू आणि ती यंत्रं, दोन्ही ज्या पोरीनं वाचवली, तिच्यासारखी दुसरी बेळगावपासून निपाणीपर्यंत झाली नाही आणि व्हायचीही नाही. हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगेन, आणि जैनांच्या बस्तीत सांगायचं झालं तर कानडीतसुद्धा सांगेन.

ती सदलग्याची. घरी उसाची शेती, जैनाचं घर. वयानं माझ्या लेकीएवढी, पण एम.टेक. होऊन आमच्याकडं रुजू झाली त्या आठवड्यातच अख्खा स्टाफ तिला आक्का म्हणायला लागला. आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, तिच्यापेक्षा किती तरी मोठे, तेही एकदा चुकून आक्का म्हणाले आणि मग त्यांनी ती चूक सुधारायचा नाद सोडला. वर्गांतून काढून जिन्याखाली रचलेले जुने संगणक तिनं एकेक करून उचलून आणले, उघडले, झाडले, एकाचा अवयव दुसऱ्याला बसवला आणि मागच्या रिकाम्या खोलीत सगळे एकमेकांना जोडून त्यांचा क्लस्टर उभा केला. क्लस्टर म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाली, मोठा बैल विकत घ्यायची ऐपत नसली तर बारक्या बैलांची रांग जुंपायची, फक्त सगळ्यांच्या माना एका जुवात पाहिजेत. मला तेवढं पुरलं. सरांनाही तेवढंच पुरलं असावं, कारण पाहुणे आले की ते हेच बैल सांगायचे.

त्या यंत्रांना तिनं आकड्यांऐवजी गावांची नावं दिली होती. कोपऱ्यातलं, थंड हवेच्या झोताखालचं, हाक मारली की सावकाश ओ देणारं ते जांबोटी. सारखं तापणारं ते निपाणी. हुशार पण आडमुठं ते चिकोडी. आणि दाराजवळ उंच टेबलावर एक यंत्र वेगळं ठेवलेलं, ते स्वतः काही काम करायचं नाही. सगळ्या गावांची खबर घ्यायची, कोण तापलंय, कोण थकलंय, कोण रिकामं बसलंय, आणि ती भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर हिरव्या-तांबड्या चौकटींत मांडायची, एवढंच त्याचं काम. त्याचं नाव तलाठी, आणि त्या स्क्रीनला ती फळा म्हणायची. सकाळी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी फळ्याकडं बघणार. चौकट तांबडी असली की त्या यंत्राच्या पाठीला कान लावून उभी राहणार. यंत्रांशी ती बोलायचीही. रागवायचं कानडीत, लाड करायचे मराठीत, असा तिचा शिरस्ता. सर आपल्या खोलीतून कान देऊन ऐकायचे. मराठी ऐकू आली की निवांत पेपर उघडायचे, कानडी ऐकू आली की पाणी मागवायचे.

तिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे 'त्याआधी?' हा प्रश्न. काही बिघडलं की लोक काय झालं म्हणून विचारतात, ही त्याआधी काय झालतं म्हणून विचारणार, आणि उत्तर मिळालं की त्याच्याही आधीचं विचारणार. एकदा लॅबच्या मागच्या ओट्यावर माझा चहा उतू गेला. त्याआधी? फोनवर बोलत होते. त्याआधी? लेकीचा फोन मी आदल्या दिवशी घेतला नव्हता. त्याआधी? असं करत करत तिनं मला अशा जागी नेऊन उभं केलं की चहा उतू जायचं कारण मी जावयावर रुसले होते हे निघालं, आणि मी का रुसले होते ते मलाच आठवेना. संध्याकाळी जाऊन मी जावयाशी बोलून आले.

दुसरी गोष्ट जेवणाची. दिवस मावळल्यावर ती खात नसे, हे घरचं वळण. पण त्या वळणासाठी तिनं कधी कोपरा शोधला नाही. सरांनी एकदा ऐन संध्याकाळी मोठी बैठक बोलावली, बाहेरचे पाहुणे, पंख्याखाली कागद फडफडतायत, आणि हिनं खिडकीतून उन्हाकडं एक नजर टाकून डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, तुमचं चालू द्या, मी कानानं ऐकते, तोंडानं जेवते. चटणीच्या वासानं बैठक एवढी लवकर आटोपली की पुढं सर मुद्दामच तिच्या जेवणाच्या वेळेला बैठका ठेवायला लागले.

तर त्या वर्षी तिच्या खोलीवर संकट आलं. कॉलेजच्या वरच्या मंडळींना प्रवेशाच्या कामासाठी ऑफिसात संगणक हवे होते, आणि मागच्या खोलीतलं हे भंगार नुसतं वीज खातंय, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. क्लस्टर खरंच काही करतोय हे समितीला दिसलं तर तो राहणार, नाहीतर गावं वाटून टाकायची, एक ऑफिसात, एक लायब्ररीत. आक्कानं त्यासाठीच एक मोठं काम रांगेत लावून ठेवलं होतं. खऱ्याखुऱ्या जांबोटीच्या रानात पडलेला पाऊस नदीत किती वेळानं उतरतो याचा हिशेब, एका विद्यार्थिनीच्या अभ्यासाचा. खंडेनवमीच्या पूजेनंतर यंत्रं चालू झाली की तो आपोआप सुरू होणार आणि समितीसमोर येऊन पुरा होणार. नवमीला तिला सदलग्याला जाणं भाग होतं, तिथं नांगर-कुळवाची पूजा. म्हणून यंत्रांची पूजा माझ्यावर सोपवून ती गेली. मला काय, मी वडगावची सून. सासरी घरातच माग. खंडेनवमीला सगळे माग बंद करून, पुसून, हळदीकुंकू लावून पुन्हा चालू करायचे यात माझा जन्म गेलेला. आमच्या घरची रीत अशी की बाकीचे माग पूजा होईल तसे चालू करत जायचे, आणि सगळ्यात चांगला माग थोपवून ठेवायचा. मग सासरे आंघोळ करून, धोतर नेसून येणार, नारळ फोडणार आणि स्वतःच्या हातानं तो चालू करणार.

मी अगदी तसंच केलं. जरीचं लुगडं नेसून गेले, गावांना झेंडूची एकेक माळ घातली, शिपायाकरवी एकेकाचं बटण दाबवलं. तलाठ्याला मोठा हार घातला आणि बंदच ठेवला, सरांच्या हातानं उघडायचा म्हणून. सर गाडीची पूजा उरकून बऱ्याच वेळानं आले. नारळ फुटला, तलाठी जागा झाला, पेढे वाटले, आणि फळ्याकडं बघायचं कुणालाच सुचलं नाही. मी तर कुलूप लावताना स्वतःवर इतकी खूश होते की लॅबच्या काचेत हार सरळ आहेत का बघायच्या निमित्तानं स्वतःचंच लुगडं बघून घेतलं.

समितीच्या दिवशी सकाळी आक्का आली, फळ्याकडं बघितलं आणि चप्पल घालूनच उभी राहिली. फळा कोरा होता. ना हिरवं, ना तांबडं. एकाही गावाचं नाव नाही. सर धावत आले, कान लावून बसले, पण कानडीही ऐकू येईना आणि मराठीही. ती एक शब्द बोलत नव्हती, आणि सर जे घाबरले ते त्यामुळं.

ती कामाला लागली. तलाठी जागा आहे का, आहे. तारांचे दिवे लुकलुकतायत का, होय. उंदरानं काही कुरतडलंय का, नाही. सगळ्यांची घड्याळं जुळतायत का, तेही ठीक. मग तिनं तलाठ्याच्या दाराशी काय येतंय ते तपासलं, तर गावांकडून आकडे येतच होते. खबर दारात येऊन पडत होती आणि तलाठी ती आत घेत नव्हता. सरांनी घड्याळाकडं बघून सुचवलं, सगळं एकदा बंद करून चालू करूया. तिनं नको म्हणून मान हलवली. आत पावसाचा हिशेब चाललेला असला तर तो मरून जाईल. मग सरांनी आवाज उतरवून दुसरी युक्ती सांगितली. मागच्या महिन्यातलं हिरव्यागार फळ्याचं चित्र त्यांच्याकडं होतं. तेच तासभर भिंतीवर लावून ठेवायचं, समितीला कुठं कळतंय. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"सर, गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात. तो जिता हाय म्हणून पावण्यास्नी दाखवत न्हाईत."

सरांच्या बाजूनं एवढं सांगितलं पाहिजे की त्यांनी ते चित्र तिच्यासमोर पुसून टाकलं.

मग ती माझ्याकडं वळली. यंत्रांचं विचारून झालं होतं, आता माणसांची पाळी. त्याआधी काय झालतं काकू? मला वाटलं, बिचारीला पूजा चुकल्याचं दुःख आहे, वर्णन तरी ऐकू दे. म्हणून मी रंगात येऊन सांगायला लागले. झेंडू कुठून आणला, माळा कुणी ओवल्या, पहिला मान चिकोडीला कसा दिला. आणि फुशारकीनं हेही सांगितलं की तलाठ्याचा थाट काही वेगळाच ठेवला, गावं सगळी जागी झाली तरी त्याला सर येईतोवर हात लावू दिला नाही.

तिनं मला मधेच थांबवलं. "म्हंजे सगळ्यांच्या मागनं उठवला त्याला?"

"व्हय गं, सरांच्या हातनं," मी म्हणाले, शाबासकीची वाट बघत.

तिनं कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. मग मला कळेल असं सांगितलं. प्रत्येक गाव जागं झालं की एकदाच आपलं नाव-गाव तलाठ्याला सांगतं. पुढं नुसते आकडे पाठवत राहतं, नाव पुन्हा सांगत नाही. गावांनी नावं सांगितली तेव्हा तलाठी माझा हार घालून झोपला होता. उठल्यावर त्याच्यापुढं आकड्यांचा ढीग, पण कोणता कुणाचा ते माहीत नाही, म्हणून तो सगळे फेकून देत होता. दर वर्षी ती स्वतः त्याला आधी उठवायची. ते कुणाला सांगावं लागेल, असं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिची एवढ्या दिवसांची मेहनत मी हाराखाली दाबून बसले होते, आणि समितीची गाडी फाटकात आली होती.

यंत्रं बंद करायची गरज नव्हती. प्रत्येकाच्या आत खबर देणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो तेवढाच तिनं खुर्चीत बसून पुन्हा सुरू केला, म्हणजे प्रत्येकानं आपलं नाव नव्यानं सांगावं. फळ्यावर आधी खानापूर उमटलं. मग चिकोडी, मग निपाणी, तापलेलं. नावं एकामागून एक येत गेली आणि आक्का मराठीत बोलायला लागली. "ये रं माझ्या राजा," असं ती जांबोटीला म्हणत होती, ते सगळ्यांच्या शेवटी, समिती दारात असताना आलं. हिशेब पुरा होत आलेला होता.

समितीतल्या एकांनी फळ्यावरच्या आलेखात मधली मोकळी जागा बघून बोट ठेवलं आणि तेव्हा यंत्रं बंद होती का म्हणून विचारलं. आक्का म्हणाली, बंद न्हवती, आम्हाला दिसत न्हवती, चूक आमच्या मांडणीची. माझं नाव तिनं घेतलं नाही. त्या गृहस्थांनी मग पावसाचा हिशेब उघडायला सांगितला. क्लस्टर राहिला. पुढच्या वर्षी त्यात आणखी गावं आली, आणि नाव सांगायचं ते अधूनमधून पुन्हा सांगत राहायचं, असा नियमही तिनं सगळ्यांना घालून दिला. आता ती बंगळूरला असते. तिथं म्हणे तिच्या फळ्यावर नजर पोचणार नाही इतकी यंत्रं आहेत. कधी फोन आला आणि मी गुडघ्याचं रडगाणं काढलं की पलीकडून तोच प्रश्न येतो, आणि मला मुकाट्यानं जिना चढल्याचं कबूल करावं लागतं. नातवंडांना मी अभिमानानं सांगते की ही आमच्या लॅबमधली. आमच्या म्हणताना माझा आवाज जरा चढतो, ते त्यांच्या लक्षात येतं.

त्या दिवशी समिती, सर आणि आक्का यांचा फळ्यापुढं फोटो काढला. मी मागच्या बाजूला ओल्या फडक्यानं यंत्रांवरचं कुंकू पुसत होते. मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही कुठल्या तोंडानं जाणार होते. सगळे गेल्यावर आक्का आली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि निपाणी पुसत पुसत म्हणाली, "काकू, फळा कोरा हुता तवा बी ही समदी आत राबतच हुती बगा. आपलं नाव कुठं दिसत न्हाय म्हणून एकबी थांबलं न्हाय. तुमच्याकडनंच शिकली असत्याल."