चिंचेचा चिगूर आणि माझं पत्रक

त्र्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये, पाडव्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळच्या हजेरीला, वैरागच्या अलीकडे चाललेल्या दुष्काळी कामावर एका बाईचं नाव हजेरीपटावरून खोडण्यात आलं. बाई विधवा, पन्नाशी ओलांडलेली. काम खडी फोडण्याचं. घरात दिवस भरत आलेली सून. मुलगा कामाच्या शोधात गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. नावापुढे शेरा मारला: सरकारी झाडांची नासधूस. खोडणारा हात कारकुनाचा होता. पुरावा माझा होता. म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. सोलापुरात वाढलो, वडील शाळेत मास्तर, कॉलेजात शास्त्र शाखा. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद दाखवणारी आकृती मी डोळे मिटून काढत असे आणि तिला पैकीच्या पैकी मार्क मिळत. पण रस्त्यावरची बाभूळ कुठली आणि हिवर कुठला, हे मला सांगता येत नव्हतं. मला ते विचारलंही नव्हतं कुणी. आम्हा पोरांची एक संघटना होती, एक सायक्लोस्टाइल मशीन होतं आणि राग भरपूर होता. आठवड्यातून दोनदा मी एसटीनं कामावर जायचो, बायामाणसांशी बोलायचो, परत येऊन स्टेन्सिल कापायचो. पत्रकात काय लिहायचं हे बहुतेक वेळा जाण्याआधीच ठरलेलं असे.

तालुक्यात हिरवं पान उरलेलं नाही, असं मी पहिल्याच पत्रकात लिहिलं होतं. मग कामावर गेलो तर समोरच्या मुरमाड उतारावर हिरवीगार झुडपं, वर पिवळी फुलं. मी चरकलो. विरोधकांनी हे पाहिलं तर पत्रक खोटं ठरेल, असं मी मुकादमाला हळूच बोललो. पलीकडे दगड फोडत बसलेल्या बाईनं ते ऐकलं आणि हातोडी थांबवून हसली.

"तरवड हाय ती, मास्तर. शेळी तिला तोंड लावत न्हाय म्हनून हिरवी ऱ्हायलीया. तिच्यावर जाऊ नगं."

हीच ती बाई. मी मास्तर नव्हतो, मास्तराचा मुलगा होतो, हे मी सांगितलं. तरी तिनं शेवटपर्यंत मला मास्तर म्हटलं, आणि त्यात टोमणा किती आणि माया किती हे मला कधी उमगलं नाही. मी तिला मावशी म्हणू लागलो.

दुपारच्या सुट्टीत ती मला झाडं दाखवायची. दाखवायची म्हणजे परीक्षाच घ्यायची. पाण्याच्या टाकीची तोटी गळायची, तिच्याखालच्या वीतभर ओलीत लालसर देठाचं काहीतरी पसरलं होतं. मी त्यावर पाय देऊन उभा होतो. बाया ओरडल्या. ती घोळ होती, सहा घरांचं कालवण. एवढं कालेज केलं आन पायाखालची भाजी वळखंना, म्हणून त्या दिवसभर मला हसत होत्या. नुसत्या काड्यांचा वाळका पसारा वाटणाऱ्या झुडपावर विटकरी फुलं आली होती, ती नेपती. तिला पानं नसतात, तिची कोवळी फळं मिठात घालून ठेवतात. बाभळीचं खोड काळं, हिवराचं फिकट पिवळसर. ते एकदा डोळ्यात बसलं की लांबून ओळखता येतं. मला आठवड्यात येऊ लागलं. एसटीच्या खिडकीतून मी मनातल्या मनात नावं घेत यायचो, आणि वर्षानुवर्षं ज्या माळाला मी उजाड म्हणत आलो होतो तो माणसांनी भरल्यासारखा वाटायचा.

हिवराजवळ मात्र ती थांबली नाही. मीच विचारलं. तिनं चालता चालता सांगितलं की तिच्या सासूनं एका जुन्या दुष्काळात हिवराची साल काढून, वाळवून, दळून पिठात मिसळली होती. खोडाच्या एकाच अंगानं काढायची, म्हणजे झाड जगतं. सगळं संपल्यावरचं झाड ते. मी वहीत लिहून घेतलं. तिनं वहीकडे बघितलं आणि चालत राहिली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचेची जुनी झाडं होती. चिंचा माघातच उतरवून ठेकेदारानं नेल्या होत्या. चैत्रात त्यांना पालवी फुटली. कोवळी, तांबूस, बोटाला लागेल न लागेल अशी. ह्याला चिगूर म्हणतात. ती सकाळी हजेरीच्या आधी येऊन चिगूर खुडायची. अंगठा आणि पहिलं बोट, शेंडा तेवढा, फांदी न वाकवता. एका फांदीचा सगळा घ्यायचा नाही. एका झाडाला लागोपाठ दोन दिवस हात लावायचा नाही. खडी फोडून तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, खुडताना ती दोन बोटांच्या चिंध्या सोडायची. चिंधीनं कोंब चुरगळतो म्हणाली.

एका दुपारी तिनं मला जेवायला बसवलं. तांबड्या मिलोची, परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, रेशनवरची, आणि चिगूर मिरची-मीठ घालून वाटलेला. आंबट, तुरट. मला फार आवडला. पाव्हणा म्हणून तिनं मला जास्त वाढला, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारत सुटलो: रोज हेच का? भाकरी पुरते का? सून काय खाते? तिनं विषय बदलला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या भागातल्या कुणालाही सांगावी लागत नाही. जेवलात का असं कुणी परक्यानं विचारलं तर उत्तर एकच: व्हय, भाकरी-कालवण. चुलीत काल जाळ झाला नसला तरी. कुणाच्या घरात काय शिजलं हे त्या घराबाहेर बोलायचं नसतं. तिनं मला ताटावर बसवलं होतं, बातमी दिली नव्हती. मला हा फरक कळला नाही. कळून घ्यायची गरजही वाटली नाही, कारण माझ्या डोक्यात मथळा तयार होता.

त्या शुक्रवारी पत्रक निघालं. त्यातलं वाक्य मला आजही तोंडपाठ आहे: "पोटाची आग विझवण्यासाठी मायबहिणी रस्त्यावरच्या चिंचांचा पाला जनावरांप्रमाणे ओरबाडून खात आहेत." आम्हाला ते जबरदस्त वाटलं. प्रती वाटल्या, एक कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर चिकटवली.

मंगळवारी जीप आली. खात्याचा एक साहेब उतरला, हातात पत्रक. मी मुद्दाम सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो होतो. मला वाटलं, जिंकलो. आता साहेब विचारणार, बाया सांगणार, धान्य येणार.

साहेबानं हजेरीची रांग तशीच उभी ठेवली आणि एकेकीला विचारलं, काय खाल्लं? भाकरी-कालवण, साहेब. पाला खाता? न्हाय, साहेब. पहिली न्हाय म्हणाली, दुसरी न्हाय म्हणाली. ओटीत चिगूर असलेल्या बाया न्हाय म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. ह्या भित्र्या बायांसाठी आपण लढतो, असं मनात आलं. साहेब माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मग हे खोटं लिहिणारा तूच ना? खोटं पसरवल्याबद्दल आत घालता येतं, माहीत आहे?

मी तिच्याकडे बघितलं.

एवढंच केलं मी. तोंडातून शब्द काढला नाही. फक्त बघितलं, आणि तिला ते दिसलं.

"मी खाते, साहेब," ती म्हणाली. "पोरगं खोटं बोलत न्हाय. त्याला म्याच दावलं."

साहेबाला हवं ते मिळालं. उपासमार मान्य करायची म्हणजे वर उत्तर द्यावं लागतं. झाडांचं नुकसान मान्य करायला काही लागत नाही. रस्त्याची झाडं सरकारी, त्यांना हात लावायचा नाही हा नियम, आणि बाई स्वतः कबूल. त्यानं पत्रकातल्या त्या एका शब्दाखाली रेघ मारली आणि कारकुनाकडे दिलं. ओरबाडून. शेरा तिथून आला. मी मध्ये पडलो, म्हणालो ती ओरबाडत नाही, शेंडे खुडते, झाडाला काही होत नाही. साहेब म्हणाला, लिहिलंयस तू.

जीप गेली. बाया कामाला लागल्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मावशी हातोडी परत करून आली आणि म्हणाली, काय लिवलंय ते वाचून तरी दाव. मी वाचलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. जनावरांप्रमाणे, हेसुद्धा ऐकून घेतलं.

"ओरबाडून?" ती म्हणाली. "मी कवा ओरबाडलं रं?"

मग पदर खोचून गावाकडे चालू लागली.

मी अर्ज केले. तीन अर्ज, तिन्हींवर पोचेचा शिक्का. चौकशी चालू आहे, असं उत्तर. संघटनेत मी सांगितलं की आपण चूक केली; मित्र म्हणाले, चांगलं झालं, सरकारचा क्रूरपणा उघडा पडला, नवीन पत्रक काढू. काढलंही. त्यात तिला "एक श्रमिक भगिनी" म्हटलं होतं. स्टेन्सिल मी कापलं नाही, पण थांबवलंही नाही.

तीन आठवड्यांनी मी तिच्या गावी गेलो. दाराला कुलूप नव्हतं, काटेरी फांदी आडवी लावलेली होती. शेजारणीनं उंबऱ्यातूनच सांगितलं: सून बाळंत झाली, पोर दोन दिवस जगलं. मग दोघी चालत गेल्या. कुटं? नदीकडं, उसाकडं, कुनाला ठावं. मग ती आत गेली. मला पाणी विचारलं नाही. का विचारावं?

घरामागे बांधावर एक हिवर होता. फिकट पिवळसर खोड, लांबूनच ओळखलं. जवळ गेलो. कमरेएवढ्या उंचीवर, एकाच अंगानं, साल काढलेली होती. कडा सरळ, विळ्यानं कापलेल्या. दुसरं अंग शाबूत. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते झाड वाचायला तिनंच शिकवलं होतं.

ह्याला पाच वर्षं झाली. दोघींचा पत्ता लागलेला नाही. तो हिवर जगला आहे, मी दर वर्षी बघून येतो. चिंचाही उभ्या आहेत. तो शेरा मात्र कागदावर तसाच आहे. खोडा म्हणून मी अजून लिहितो, आणि जुनी कागदपत्रं बदलता येत नाहीत असं मला अजून कळवलं जातं.

तर वाचणाऱ्या, तुझ्याकडून सहानुभूती नको, सहीही नको. येत्या चैत्रात त्या रस्त्यावर ये. दिवसाढवळ्या, लोक बघत असताना, चिंचेचा चिगूर खूड. अंगठा आणि पहिलं बोट, शेंडा तेवढा, फांदी न वाकवता. आणि कुणी साहेब येऊन काय करतोस असं विचारलं, तर तेव्हाच्या माझ्यासारखा गप्प राहू नकोस. व्हय म्हण. खायला घेतोय म्हण.