पोळ्याच्या दिवशी अण्णा का उठले

पडलेली वस्तू न उचलता तिच्याकडे पाहत बसणारा माणूस उभ्या राहुरी तालुक्यात एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. दूध उतू गेलं की लोक फडकं शोधतात. आमचे दाजी चष्मा शोधतात. "कुणी हात लावू नका. कसं गेलं ते बघू दे," म्हणत ते ओट्याशी उभे राहतात आणि ताई फडकं हातात धरून, दातओठ खात, शेगडीखाली जाणारं दूध बघत बसते. एकदा देवळाली प्रवराच्या फाट्यावर त्यांची मोटरसायकल घसरली. खरचटलेल्या गुडघ्यानं उठले आणि गाडी तशीच आडवी ठेवून चारी बाजूंनी फोटो काढू लागले. मागे उसाचे ट्रॅक्टर खोळंबलेले. एक ट्रॅक्टरवाला खाली उतरला. "सायेब, आदी गाडी बाजूला घ्या, मंग काय फोटू काडायचे ते काडा." दाजी शांतपणे म्हणाले, "उचलली की कारण गेलं."

दोष त्यांच्या एकट्याचा नाही, कामाचाही आहे. दाजी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतात. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक आभासी कॉम्प्युटर चालवायचे, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत राहिलं पाहिजे की डिस्क आणि नेटवर्क आपल्या एकट्याचंच आहे. ही समजूत सांभाळणारे ड्रायव्हर नावाचे प्रोग्राम कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात असतात. तिथे एक कोसळला की सगळ्यांना घेऊन पडतो. कंपनीतली पोरं म्हणतात, पडलेला ड्रायव्हर लगेच पुन्हा चालू करा, लोकांची कामं अडायला नकोत. दाजी म्हणतात, मेमरी होती तशी जपा, कारण शोधा, तोच प्रकार मुद्दाम पुन्हा घडवून बघा, आणि मगच चालू करा. नाहीतर परत पडेल. यावरून ते फोनवर तासन्‌तास वाद घालतात आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं. तिथेच सगळा घोळ झाला.

दाजींचे थोरले भाऊ अण्णा नेवाशाला राहायचे. वडील लवकर गेले, तेव्हा एसटीत कंडक्टर असलेल्या अण्णांनीच दाजींना लहानाचं मोठं केलं. एका पोळ्याला ते देवळालीला, दाजींच्या घरी जेवायला आले होते. पंगत रंगली, हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि अण्णा मध्येच ताटावरून उठले, हात धुतले, वहिनींना घेऊन निघून गेले. कुणी काही वावगं बोललेलं आम्हाला तरी आठवेना. ताई म्हणाली, "उद्या जाऊन या नेवाशाला." दाजी म्हणाले, "जाऊन बोलू काय? का उठले ते आधी कळायला पाहिजे. न्हाईतर परत तेच हुईल."

मग त्यांनी शोध मांडला. कोण कुठे बसलं होतं, पोळी कुणी वाढली, कुरडई कुणाला पोचली नाही, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. पुढच्या रविवारी ताईला तोच स्वयंपाक करायला लावला, आम्हाला त्याच जागांवर बसवलं आणि अण्णांच्या पाटावर मला. "तिसऱ्या पोळीनंतर तुला काय वाटतंय ते सांग," दाजी म्हणाले. मला चौथी पोळी घ्यावीशी वाटत होती. आमटी फार सुरेख झाली होती. दाजी हिरमुसले आणि ताई आत जाऊन तोंडाला पदर लावून हसत राहिली.

नंतर मात्र हसू आटलं. मी कामानिमित्त नेवाशाला जायचो; अण्णा चहा पाजायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि मी चपला घालताना विचारायचे, "आमचा बारक्या काय म्हंतो? यील का?" मी ते दाजींना सांगायचो. दाजींचा चेहरा उतरायचा. "जाणार हाय रे," म्हणायचे, "कारण सापडू दे." पुढचा पोळा असाच गेला, दिवाळी गेली. थंडीत एका सकाळी नेवाशाहून फोन आला, अण्णा झोपेतच गेले म्हणून.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर दाजींनी वहिनींना विचारलंच, "वहिनी, त्या दिवशी अण्णा का उठले होते?" वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं. "त्यास्नी तरी कुठं ठावं हुतं, भावजी? मलाच इचारायचे, मी का उठलो गं त्या दिशी? बारक्या हुशार हाय, त्यानं हुडकून काडलं आसल, आला की इचारू, म्हनायचे."

मला दाजींचा फार राग आला आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली. एवढ्या बुद्धीच्या माणसाला एवढी साधी गोष्ट कुणी सांगायची? घरी आल्यावर त्यांनी कंपनीतल्या पोरांचं, पडलं की आधी चालू करा, हे म्हणणं मान्य करून टाकलं. ताई म्हणते, फोनवर वाद होत नाही म्हणून घर ओकंओकं वाटतं.

आता दर रविवारी दाजी नेवाशाला जातात. वहिनींच्या ओसरीवर बसतात, चहा घेतात, पुढ्यात येईल ते जेवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी बरोबर होतो. "काय काम काडलं, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"काम न्हाई," दाजी म्हणाले. "असाच आलो."

अण्णांना याहून जास्त काही नको होतं.