कुरड्यांना न आलेली कमल

बाईची पिशवी म्हणजे काय किडलेली दाढ आहे का, दुखली की उपटून फेकायची? आणि घरातले माना हलवत बाजूला उभे राहतात. हे आधी बोलून टाकलं, आता डोकं जरा थंड झालं... तर जय भीम सगळ्यांना.

माझी सून वैशाली, अडतीस वर्षांची. काही महिन्यांपासून तिच्या अंगावरून फार जायचं. आमच्या प्रशांतनं तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं आणि येताना ऑपरेशनची तारीखच घेऊन आला.

गर्भपिशवीत गाठ आहे, काढून टाकू, नाही तर पुढे कॅन्सर होईल... असं डॉक्टर म्हणाला आणि हा "बरं" म्हणाला. कूलर घ्यायचा तर हाच पोरगा सगळा बाजार पालथा घालतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर कुरड्या होत्या. गल्लीतल्या बाया दरवर्षी मिळून करतात. ऊन चढायच्या आत चीक शिजवायचा, सोऱ्या फिरवायचा आणि मोकळं व्हायचं. वैशालीची गोष्ट निघाली आणि तिथेच कोर्ट भरलं.

"काढून टाक वं, कटकट जाते," शेजारची मंदा म्हणाली. "म्या नाही काढली का? पाहून राहिली ना तू, आज सारा चीक म्याच घाटला."

मग दुसरी म्हणाली मी पण काढली, तिसरीनं तिच्या नणंदेचं सांगितलं... सगळ्या ठणठणीत. वैशालीच्या तोंडावरची भीती गेली. तिच्या मनानं ऑपरेशन होऊनच गेलं होतं.

आता जरा मागचं सांगते. त्याच्या थोडं आधी आमच्या विहारात एका संस्थेची मुलगी आली होती. डॉक्टरला काय विचारायचं, औषधाचा दावा खरा की खोटा कसा ओळखायचा, असं शिकवत होती. मी पंख्याखाली बसायला गेले होते, खरं सांगते.

ती म्हणाली, सगळ्यांना फायदा झाला असं कोणी म्हटलं, तर जे सांगायला आलेच नाहीत त्यांना जाऊन विचारा. मला वाटलं, पोरीला घरी कामधंदा दिसत नाही.

गच्चीवर मला ते आठवलं. दरवर्षी सोऱ्या फिरवते ती मागच्या गल्लीतली कमल. आज तिथे मंदाची सून बसली होती. पिशवी तर कमलनंही काढली होती... मग ती कुठे आहे?

हात धुतले आणि तिच्या घरी गेले. कमल पलंगावर, कंबर धरून. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, हाडं ठिसूळ झाली म्हणतात. पिशवीसोबत अंडाशयंही काढली, हे तिला मागाहून कळलं. तेव्हा चाळिशीही झाली नव्हती तिची.

"मंग सांगितलं काहून नाही वं कोणाले?"

"इचारलं कोणं, माय? आन् सांगाले तुझ्या गच्चीचा जिना चढू का मी?"

 

संध्याकाळी विहारातल्या त्या मुलीला फोन केला. तर ती म्हणते, आजी, एकट्या कमलताईंवरूनही ठरवू नका, कोणाला ऑपरेशन खरंच लागतं. डॉक्टरला विचारा की नाही काढली तर काय होईल, दुसरा उपाय कोणता, आणि दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा. हे मला पटलं.

मग गेलो आम्ही तिघं त्याच दवाखान्यात. मी विचारलं, नाही काढली तर काय होते? डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही किती शिकलेल्या आहात?"

मी म्हटलं, "दुसरी. म्हणून सोप्या शब्दात सांगा."

त्यानं घड्याळ पाहिलं. कॅन्सरची शक्यता असते म्हणाला. किती बायांत असते, हिच्या तपासणीत तसं काही दिसलं का... ह्याला उत्तर नाही. उलट म्हणतो, विश्वास नसेल तर पेशंट घेऊन जा. प्रशांत माझा पदर ओढून राहिला होता, "आई, चाल ना." चालले. पण सुनेला घेऊन.

सरकारी दवाखान्यात रांगेत अर्धा दिवस गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. गाठ लहान आहे, साधी दिसते, तरी खात्रीसाठी एक तपासणी करू आणि आधी गोळ्या देऊन पाहू म्हणाल्या. नाहीच जमलं तर ऑपरेशनचं बोलू.

मग त्यांनी विचारलं, "आधीच्या डॉक्टरांनी दुसरा काही उपाय सांगितला होता का?" वैशालीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "विचारलंच नाही, मॅडम."

तपासणीत वाईट काही निघालं नाही. वैशालीचं अंगावरून जाणंही कमी झालंय. पुढे ऑपरेशन लागलं तर करू, पण ते कशासाठी, हे तिला माहीत असेल. विहारातल्या त्या मुलीचे उपकार मानते... मी कोणाचे पटकन मानत नाही.

आता खाली 'छान लिहिलंत आजी' लिहू नका. बायांनी तर काहीच लिहू नका, तुमचं भोगून झालं आहे. ज्यांच्या बायकोची पिशवी काढली त्या नवऱ्यांनीच लिहा, हो म्हणायच्या आधी तुम्ही डॉक्टरला काय विचारलं होतं. आणि प्रशांत, तुझ्या बायकोची वाचली म्हणून तू सुटला नाहीस... पहिलं उत्तर तुझं पाहिजे.