मायनं चाळून दिलेली माती

सुटी संपवून इंझोरीहून कॉलेजला निघालो तेव्हा माझ्याजवळ दोन ओझी होती. पिशवीत भाकरी-ठेचा, आणि पोत्यात आमच्या घराच्या भिंतीलगतची काळी माती... सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. मंगरूळपीरला गाडी बदलताना कंडक्टरनं पोत्यात काय म्हणून विचारलं, मी माती म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

मी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाकीच्या पोरांनी प्रोजेक्टसाठी कॉलेजमागचीच माती उचलली. मी मात्र हट्टाला पेटलो होतो, तपासीन तर आमच्याच घरची.

त्याला कारण होतं. आमच्या दोन खोल्या वस्तीतल्याच दशरथकाकांनी बांधल्या होत्या. ते गवंडी, आणि माझ्या वडिलांचे, म्हणजे बाचे, अगदी जिवाभावाचे दोस्त. पण पहिल्याच वर्षी दाराजवळ ही एवढी भेग पडली. बुजवली, तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच...

बाच्या डोक्यात पक्कं बसलं की दशरथनं अंग चोरलं, पाया उथळ घेतला. बोलणंच बंद झालं. विहारात वंदनेला दोघंही यायचे, पण एक या कोपऱ्यात बसायचा आणि दुसरा त्या. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून गावभर हिंडवलं, तो आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा. मला ते बघवत नसे.

कॉलेजात शिकता शिकता मला शंका यायला लागली, की दोष माणसाचा नाही, मातीचा असेल. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, वरची भिंत बिचारी काय करणार? पण नुसत्या शंकेवर आमचा बा ऐकणार होता होय... छे, त्याला डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

प्रोजेक्टच्या सरांनी बजावलं होतं, माती जमिनीत आहे तशीच आण, ढेकळंसुद्धा मोडू नकोस. माती खराब आली तर विषय बदलायचा, मग कॉलेजमागचीच माती घ्यायची.

लॅबमध्ये सरांसमोर पोतं सोडलं आणि हात घातला. आत एक ढेकूळ नाही, एक खडा नाही. पिठासारखी माती...

मला कळायला वेळ लागला नाही. निघायच्या आदल्या दिवशी माती पोत्यात भरून ठेवून मी मित्राला भेटायला मंगरूळपीरला गेलो होतो. तेवढ्या वेळात मायनं सगळी माती कुटली होती, चाळली होती, पाखडली होती. पोत्याच्या तोंडाशी एक पुरचुंडीही निघाली. त्यात सगळे खडे आणि मुळ्या होत्या. निवडताना काढलेलंही तिला फेकवत नसे, कोंबड्यांसाठी ठेवायची, त्याच सवयीनं हेही ठेवलेलं.

सर कडक माणूस. त्यांनी चिमूटभर माती घेऊन बोटांनी चोळली आणि कोणी चाळली म्हणून विचारलं. आईनं, म्हटलं... आता विषय गेला, असं धरूनच चाललो होतो.

"फुगण्याची चाचणी चाळलेल्याच मातीवर करतात," सर म्हणाले. "तुझं अर्धं काम आईनं केलंय. ते खडे तोलून लिहून ठेव. ढेकूळ पुढच्या खेपेला आण, आणि ते आईच्या नजरेला पडू देऊ नकोस." मग हसले. ते हसू मी आजही विसरलेलो नाही.

चाचणी साधीच. दोन नळ्यांत सारखी माती घ्यायची, एकीत घासलेट, दुसरीत पाणी. घासलेटात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट झालेली. मी उरलेल्या मातीची पुडी बांधली आणि पुढच्या सुटीची वाट बघू लागलो.

घरी आल्याबरोबर मायला विचारलं, कशाला चाळलीस? तिला माझंच नवल वाटलं. "काहून? तुह्या सरापुढं गोट्याची माती ठिवू का? म्हनतीन, याची माय घरी काय करून राह्यली होती!"

संध्याकाळी फळीवर काचेचे दोन ग्लास मांडले. एकात पाणी, एकात घासलेट, दोन्हींत मायनं चाळलेली माती. ग्लास वाया गेला म्हणून माय कुरकुरली. ही आपल्या भिंतीखालचीच माती, सकाळी बघ, एवढंच मी बाला म्हटलं आणि तो झोपायला गेला.

सकाळी उठलो तर बा फळीपाशी उभा. बराच वेळ तो दोन्ही ग्लास बघत होता. मग दोन हातांत दोन ग्लास घेऊन बाहेर पडला. मी मागोमाग.

दशरथकाका ओट्यावर दात घासत बसले होते. बानं ग्लास त्यांच्यापुढं ठेवले. "दशरथ, हे पाह्य. पान्यानं माती फुगून राह्यली. भीत तिच्यानंच फुटते."

मला वाटलं, काका आता इतक्या वर्षांचं सगळं काढतील. काकांनी ग्लास उचलून उजेडात धरला. म्हणाले, "मंग मले पाया अजून खाली न्यायले पाह्यजे होता."

"तुले मातीचं कोनं सांगतलं होतं?" बा म्हणाला. "मलेबी कुठी मालूम होतं... उगाच बोल लावला तुले." बा तिथंच ओट्यावर बसला. काकांनी आत बघून दोन कप चहा सांगितला.

घर तेच राहिलं, माती तीच, त्यामुळे भेग पुढंही दरवर्षी पडायची. मी शिकून इंजिनिअर झालो तरी ती भेग काही मला थांबवता आली नाही. दरवर्षी दशरथकाका थापी घेऊन यायचे, बा मातीचा गारा कालवून द्यायचा आणि दोघांच्या गप्पांत दुपार निघून जायची.

आज माय, बा, काका, तिघंही नाहीत. पण काळ्या जमिनीत पाया खोदताना मला माझी माय आठवते... भेग बुजवायला बसलेल्या त्या दोघांपुढं, न सांगता, गाऱ्याची माती चाळायला आपली चाळणी आणून ठेवणारी.