बिनऔषधाची तीन करडं

चतुराबाईच्या माहेरी दूध भावांना मिळायचं आणि ताक तिला. भाऊ उंच झाले, चतुराबाई बेताचीच राहिली. फरक कशानं पडला, हे कुणी तपासलं नाही. लग्न होऊन ती शिरूर कासारजवळच्या वस्तीवर आली, शेळ्यांमागं माळ हिंडायला लागली, आणि स्वतःची चूल झाल्यावर तिनं घरात एकच नियम ठेवला: वाढायचं तर सगळ्यांना. पाहुण्याबरोबर आलेल्या कुत्र्यालाही तिनं कधी वगळलं नाही.

सून उज्ज्वला बारावी सायन्स. पावसाळ्यात हगवण लागून करडं मरतात, हे तिनं इथं आल्यावर पहिल्याच वर्षी पाहिलं आणि दुसऱ्या वर्षी जनावरांच्या दवाखान्यातून जंताच्या औषधाची बाटली आणली.

सासरे मुंजाजी म्हणाले, "आमच्या बापानं कधी पाजलं न्हाई. त्याची शेरडं काय जगली न्हाईत?"

"मरत पण होतीच की, मामा."

"जायची ती जातात."

उज्ज्वलानं वाद घातला नाही, प्रयोग मांडला. एका वयाची सहा करडं. तिघांना औषध, तिघांना नाही. दसऱ्याला वजन करायचं. फरक दिसला तर सगळ्या कळपाला औषध, नाही दिसला तर बाटली बंद. मुंजाजी लगेच कबूल झाले, कारण यात त्यांना काहीच करायचं नव्हतं.

उज्ज्वलानं बाटली खळखळून हलवली, सुई काढलेल्या सिरिंजनं तिघांच्या घशात औषध सोडलं आणि खूण म्हणून त्यांच्या कानाला आपलं लाल नेलपॉलिश लावलं.

"आत्या, बाकी सगळं सारखं ठेवायचं. पाला, पाणी, गोठा. फरक फक्त औषधाचा."

"अन् ह्या तिघांनी काय केलं?"

"काही नाही केलं. त्यांना दिलं नाही, तरच औषधाचा गुण कळतो."

"लई शिकलीस," चतुराबाई म्हणाली आणि शेण भरायला लागली.

उज्ज्वला पाण्याला गेली. औषध न मिळालेली ती तीन करडं कोनाड्यातल्या बाटलीकडं बघत उभी होती. करडू कशाकडंही असंच बघतं, हे चतुराबाईला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं बाटली काढली. पुढं पावसाळाभर उज्ज्वला पाजून गेली, की चतुराबाई मागून जायची. नेलपॉलिश मात्र तिनं लावलं नाही. त्याची करडांना गरज नव्हती.

त्या साली सहातलं एकही करडू गेलं नाही. दसऱ्याला मुंजाजींनी आढ्याला काटा टांगला आणि एकेक करडू झोळीत घालून उचललं. लाल कानाची आणि बिनरंगाची, सगळी सारखीच भरली.

"झालं?" मुंजाजी काटा सोडत म्हणाले. "पाजलं काय, न पाजलं काय. बाटली फेकून दे."

उज्ज्वलाचं तोंड उतरलं. "काहीतरी चुकलंय," ती पुटपुटली.

चतुराबाईनं दावणीकडं पाहिलं. चार शेळ्या गाभण होत्या.

"ती तिनी बी प्यालीत," ती म्हणाली. "मीच पाजलं."

"कावून?" मुंजाजी म्हणाले.

"तोंडाकडं बघत हुती."

"आत्या!" उज्ज्वला ओरडली. "अख्खा पावसाळा वाया घालवलात."

"पावसाळा गेला, करडं हायेत ना?"

"ह्या साली पाऊसच कमी," मुंजाजी म्हणाले. "म्हणून जगली असतील. फिरून करा. पुढल्या वेताला तिघांना बिलकुल द्यायचं न्हाई."

"बरं," चतुराबाई म्हणाली. "पर बिनऔषधाची तुमी निवडायची. तुमच्या हातानं बाजूला काढायची. मंग मी बोट बी लावणार न्हाई."

थंडीत शेळ्या व्याल्या. करडं पाला ओढायला लागल्यावर उज्ज्वला बाटली घेऊन उभी राहिली आणि मुंजाजी निवडायला गोठ्यात शिरले. एक काळं उचललं. ते त्यांच्या आवडत्या शेळीचं निघालं. ठेवलं. दुसरं पायानं अधू होतं. तिसरं त्यांच्या धोतराचा सोगा चघळायला लागलं. बराच वेळ ते आतच होते. बाहेर आले तेव्हा हात रिकामेच होते.

"पाजा समद्यांला," ते म्हणाले आणि तंबाखूची डबी शोधायला निघून गेले.

"पण मामा, सिद्ध काहीच झालं नाही," उज्ज्वला मागून म्हणाली.

"न्हाई तर न्हाई," चतुराबाई म्हणाली आणि पहिलं करडू मांडीत धरलं. "बाटली हलवून घे."