आंबटाचा संशय

सांगलीच्या दवाखान्यात पहिल्या बाळंतपणात माझ्या नणंदेला रक्त द्यायची वेळ आली, तेव्हा माझ्या दिराने दोन्ही हात पाठीमागे नेले. एवढा दांडगा माणूस, सुईचं नाव ऐकून पांढरा पडला. "बापयाचं रगत गेलं तर नांगर कोन धरनार?" असं सासूबाईंनीच त्याच्या वतीने सांगून टाकलं. मग डॉक्टरीणबाईंनी काचेवर थेंब जुळवून पाहिले, माझं जुळलं आणि नणंद वाचली. निघताना मला लोहाच्या गोळ्यांची बाटली मिळाली. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, असं बाईंनी दोनदा बजावलं.

गावी कुंडलला परतले आणि माझ्यामागे कटकट लागली. गोळी पोटात गेली की ढवळून यायचं. मी परसात जाऊन ओकायची, येऊन लिंबू पिळायची, वर आवळाही चघळायची. सासूबाई जात्यापाशी बसून बघायच्या. चार दिवसांनी म्हणाल्या, "आंबट लय लागतंय गं तुला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं लिंबू भिंतीवर आपटावंसं वाटलं. महायुद्धाचे दिवस, माझा नवरा पलटणीबरोबर दीड वर्ष समुद्रापलीकडे. आणि बाईला आंबट लागलं, ओकारी आली, की आमच्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही!

"आवं आत्याबाई, गोळीनं व्हतंय ते. आन् लिंबू घ्याया तुमच्या म्होरंच सांगितलं न्हवं का डाक्तरीणबाईंनी?"

"मला शिकवतीस व्हय? चार लेकरं झाल्यात मला."

त्यात माझं दैव आडवं. रक्त गेल्यामुळे की काय, त्या महिन्यात कावळा शिवेना. रोज सकाळी सासूबाई ओसरीच्या कोपऱ्याकडे बघायच्या; मी बाहेर बसायच्या ऐवजी आपली चुलीपाशीच. गोळ्या घेतल्या तर ओकारी, सोडल्या तर चक्कर, आणि दोन्हींचा अर्थ त्यांच्या लेखी एकच. शेवटी त्यांनी फर्मावलं, "आठ दिस बघीन. न्हाईतर लेकाला कागद धाडीन आन् तुला म्हायेरी." ज्या नणंदेच्या अंगात माझं रक्त फिरत होतं, ती तिथेच पोराला पाजत होती. तिने पोराला दुसऱ्या अंगाला लावलं आणि पाठ फिरवली. सासूपेक्षा मला तिचाच संताप जास्त आला.

सहाव्या दिवशी कावळा शिवला. घोंगडं टाकून मी कोपऱ्यात बसले आणि मोठ्याने रडले. सासूबाई लगबगीने आल्या, लांबूनच तांब्या ठेवला. आत लिंबाचं पाणी, वर गूळ.

"घे गं बाई. लय वाळलीस. गोळी घेतलीस न्हवं?"

संध्याकाळी त्यांनी साजूक तुपातला शिरा केला. नणंद वाचली त्या दिवशीसुद्धा केला नव्हता.