तांब्या, नारळ आणि हरवलेली करवली

उन्हाळी शिबिराची जाहिरात दिसली की ती सकाळ अजून माझ्यासमोर उभी राहते. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण कुणी विचारलं की साहेब, सगळ्यात चांगला तपास कुठला, तर मी खुनाचा सांगत नाही, हा सांगतो. ज्याची बातमी दुसऱ्याच्या नावानं छापून आली, तोच हा तपास.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळच्या बाजूला नेमणुकीला होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत खांद्यावर तारे मिळवले. शिफारस कुणाची नव्हती. आई नायगावच्या आठवडी बाजारात भाजी विकायची, तिच्या पाटीशेजारी बसून मी माणसं ओळखायला शिकलो. गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हा त्याच्या तोंडाकडं न पाहता हाताकडं पाहायचं, हे मला पोलीस प्रशिक्षणात नाही, तिथं कळलं.

मे महिना, ऐन लग्नसराई. सकाळी साडेआठला ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदारानं उचलला आणि लगेच माझ्या हातात दिला. लातूरहून एक बाई बोलत होत्या.

"साहेब, माझी मुलगी तलावाजवळच्या शिबिरात हाय. सहावीत हाय. ती तिथं न्हाई."

"शिबिरवाले काय म्हणतात?"

"ते म्हणतात हाय. आजच्या योगासनाचा फोटो पाठवलाय ग्रुपवर. पण काल संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, आई, पडले, कपाळाला पट्टी बांधलीय. आजच्या फोटोत पट्टी न्हाई, साहेब. हा फोटो आजचा न्हाई."

ही बाई पोलीस खात्यात असती तर माझ्या वर गेली असती. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून मी एक हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन जीपमध्ये बसलो. बाईंना म्हटलं, तुम्ही पतीला घेऊन थेट शिबिरावर या.

शिबिर मोठं देखणं होतं. रांगेत तंबू, दोरीचे पूल, झाडाला टांगलेली टायरं. दहा दिवस मुलांचे मोबाइल काढून घ्यायचे, संध्याकाळी एकदा घरी बोलू द्यायचं, रोज सकाळी पालकांना फोटो पाठवायचा. संचालक टोपी घालून हसत पुढं आले. मी हसलो नाही. बाईंनी मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांच्या नाकासमोर धरला.

"हिच्या कपाळाची पट्टी कुठाय?"

टोपी खाली उतरली. मुलगी सकाळी सातच्या हजेरीला नव्हती. दीड तास हे लोक आपापसात शोधत होते आणि पालकांना कालचा फोटो पाठवून गप्प बसवत होते.

"साहेब, एक तास द्या फक्त," संचालक म्हणाले. "साठ मुलं आहेत. बोंब झाली तर दुपारपर्यंत सगळे पालक पोरं घेऊन जातील."

माझा राग खात्यात प्रसिद्ध होता. मी टेबलावर असा हात आपटला की त्यांच्या चहाचा कप जमिनीवर गेला. अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाली की पहिल्या मिनिटाला अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा असतो, एक तास कुठून आणू? पण दुसऱ्या क्षणी आईचा बाजार आठवला. समोरच्याला गरज असते तेव्हा ओरडायचं नाही, मागून घ्यायचं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "बदल्यात मला तिच्या तंबूतल्या मुली पाहिजेत. एकेक करून. आणि तुमचं एकही माणूस आसपास नको."

ते आनंदानं कबूल झाले. तास मी दिला नाहीच. हवालदारानं तोवर मुलीचं वर्णन बिनतारी यंत्रावरून सगळ्या ठाण्यांना कळवलं होतं. त्यांना मी हे नंतर सांगितलं.

मुली घाबरलेल्या होत्या. महिला शिपायानं त्यांना झाडाखाली बसवलं. एक चुणचुणीत पोरगी तेवढी बोलली.

"ती रोज तंबूत तांब्या हातावर घेऊन चालायची. सांडू द्यायची न्हाई."

नको म्हटलं तरी शेजारून चाललेल्या शिबिराच्या ताई थबकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "हो सर, लिंबू-चमच्याची स्पर्धा आहे ना परवा. तोल सांभाळायचा सराव करायची बिचारी." ताई पुण्याकडून आल्या होत्या. मीही मान डोलावली. इथं माझं चुकलं, ते मी लपवत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकीणबाई पदर खोचून आल्या. "साहेब, माझी बी तक्रार लिहून घ्या. तांब्याचा तांब्या गेलाय सकाळधरनं. आन् एक नारळ."

मी भडकलो. "बाई, इथं पोर हरवलीय आणि तुम्ही तांब्याचं घेऊन राहिलात?"

"पोर तुम्ही हुडका की. तांब्या माझ्या अंगावर हाय, मालक मलाच इचारतील."

मी तिला हाकलणार होतो. पण मी चार वर्षं ठाण्यात मुद्देमाल कारकून होतो. दोन वस्तू एकाच वेळी गेल्या म्हटल्यावर त्या एकमेकींशेजारी मांडून पाहायची सवय हाताला लागलेली असते. मनातल्या मनात तांब्या ठेवला. त्याच्यावर नारळ ठेवला. मग ते दोन्ही एका सहावीतल्या मुलीच्या हातात दिले. नारळ ठेवून कुणी लिंबू-चमचा खेळत नाही. ही पोरगी करा, म्हणजे लग्नातला नारळ ठेवलेला तांब्या, धरायचा सराव करत होती. लग्नात नवरदेवाच्या मागं करा घेऊन उभी राहते ती करवली! आमच्या भागात पाच वर्षांच्या पोरीलाही हे कळतं, आणि मी ताईंच्या लिंबाला मान डोलावली होती.

दहाच्या सुमारास आईवडील पोहोचले. वडील लातूरला शाळेत शिक्षक, मूळ गाव मुरुडजवळ. मी पहिलाच प्रश्न केला, "घरात कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं न्हाई," वडील म्हणाले. फार लवकर म्हणाले. बाईंनी जमिनीकडं पाहिलं.

नवरा-बायकोचा जबाब कधी एकत्र घेऊ नये. वडिलांना हवालदाराबरोबर फिर्याद लिहायला बसवलं आणि बाईंना पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघराकडं नेलं.

"माझ्या दिराचं लग्न हाय, साहेब. आज. मुरुडला, बारा पस्तीसचा मुहूर्त. दोघं भाऊ शेताच्या वाटणीवरनं दोन वर्षं बोलत न्हाईत. आमच्यातनं कुणीच जायचं न्हाई असं यांनी ठरवलं. दिराला बहीण न्हाई. पोरगी तीन वर्षांची होती तवापासनं तो तिला म्हणायचा, माझी करवली तूच. तिनं घरात रडून गोंधळ घातला, म्हणून यांनी नेमकं याच दहा दिवसांचं शिबिर हुडकलं."

"कपडे?"

"परकर-पोलकं तिनंच बॅगेच्या तळाला घातलं होतं." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी बघितलं. काढलं न्हाई."

मी परत आलो तर वडील उभे होते. डोळे लाल. "साहेब, नाव लिहा. माझ्या भावानंच उचलली. लग्नातनंच बेड्या घालून आणा त्याला."

त्यांचा एक नातेवाईक पुढारी होता. त्याचाही फोन आला, की शिक्षक सांगतात ते नाव घाला. आता काय पणाला लागलं होतं ते पाहा. नाव लिहिलं असतं तर मला अटक करावी लागली असती, अंतरपाटाजवळून नवरदेव उचलावा लागला असता, आणि त्या दोन घरांचं पुढच्या पिढीपर्यंत तोंड बंद झालं असतं. आणि त्यानं उचलली नसेल तर मुलगी त्या वेळात एकटी कुठं होती?

मी सौदा केला. "गुरुजी, गुन्हा आत्ता दाखल होतोय, अज्ञात इसमाविरुद्ध. तुम्ही माझ्या जीपमध्ये बसा. भावाच्या समोर उभे राहा. त्याचं तोंड बघून पुन्हा नाव सांगा, मी तिथंच लिहीन. पुढाऱ्याला सांगा, फोन करू नका, मी उचलणार नाही."

ते बसले. बाईही बसल्या. लातूर ओलांडून मुरुडला पोहोचेपर्यंत सव्वाबारा झाले.

मंगल कार्यालयाच्या दारात सनई लावलेली होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून पाटाकडं निघाला होता. भावाला पाहून त्याचा चेहरा उजळला. मी वर सांगितलं ना, मी हाताकडं पाहतो. त्याचे दोन्ही हात भावाच्या पायाकडं निघाले होते.

"दादा, आलास! करवली कुठाय?"

गुरुजी माझ्याकडं वळले. मीच सांगितलं. नवरदेवानं मुंडावळ्या काढून शेजारी उभ्या असलेल्या चुलत बहिणीच्या हातात दिल्या.

"पोरगी सापडल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाई," तो भटजींना म्हणाला. "मुहूर्त जाऊ द्या." आणि जीपकडं चालू लागला. नवरीकडच्यांची कुजबुज सुरू झाली, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मी गुरुजींकडं पाहिलं. "नाव लिहू का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

म्हणजे मुलगी कुणी नेली नव्हती, ती एकटी निघाली होती. शिरूरच्या रानातून मुरुडला एकटी मुलगी येईल कशी? एसटीत कंडक्टरनं हटकलं असतं. परकर-पोलकं, हातात तांब्या आणि नारळ. अशा मुलीला मे महिन्यात कुठली गाडी हटकत नाही? वऱ्हाडाची!

मी ठाण्याला फोन लावला. आमच्याकडं वरातीच्या वाजंत्रीची परवानगी काढावी लागते. अर्जात नवरदेवाचं गाव, लग्नाचं ठिकाण आणि वरबापाचा नंबर असतो. ठाणे अंमलदाराला म्हटलं, आजची परवान्याची फाइल उघड, शिबिराजवळचं गाव आणि लग्न मुरुडला, असा अर्ज बघ. दोन मिनिटांत त्यानं नंबर दिला. गाव शिबिरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

वरबापानं फोन उचलला. मागं बँड.

"तुमच्याकडं करवल्या किती?" मी विचारलं.

"दोन हायेत की, साहेब. का?"

"नवरदेवाला बहिणी किती?"

त्यानं बँडवाल्यांना थांबायला ओरडून सांगितलं. मग आवाज आला, "एकच."

"दुसरी कुणाची?"

"आवो, ती तर... मला वाटलं पाव्हण्याकडची. ओ मामा, ती पट्टीवाली पोरगी तुमची न्हाई का?" लांबून कुणीतरी ओरडलं, "मला वाटलं आत्याबाईची!"

"पट्टी कुठं आहे?"

"कपाळाला. त्या पट्टीवरच कुंकू लावलंय आमच्या बायकांनी. जेवू बी घातलंय."

मुरुडच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात ती खुर्चीवर बसली होती, तांब्या मांडीवर घट्ट धरून. गावाच्या फाट्यावर वऱ्हाडाचा टेम्पो उभा होता, कुणीतरी "मुरुड, मुरुड" म्हणालं, ही चढली. बायकांनी सरकून जागा दिली. काकाला पाहून ती जे रडायला लागली ते थांबेना.

"मला वाटलं तुम्हीच घोड्यावरून येताल. आले ते दुसरेच होते. मग मी काय सांगू?"

"काय न्हाई सांगायचं," काका म्हणाला. "चल, उशीर झालाय."

गुरुजी मागं उभे होते. तिनं त्यांना पाहिलं आणि तांब्या पाठीमागं लपवला. ते पुढं आले, नारळ कलला होता तो सरळ केला आणि एवढंच म्हणाले, "दोन्ही हातांनी धर."

लग्न पावणेदोनला लागलं. करवलीच्या कपाळाला पट्टी होती. मी घामेजलेल्या गणवेशात अक्षता टाकल्या. नोकरीत तेवढ्या एकाच लग्नात टाकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, शिबिर व्यवस्थापनाच्या सतर्कतेमुळे मुलगी सुखरूप. प्रशस्तिपत्र मिळालं ते त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीत बसलेल्या वरिष्ठांना. मी भांडलो, अर्ज दिला, उत्तर आलं नाही. निवृत्त झालो तरी ते माझ्या घशातून उतरलेलं नाही, आणि उतरवायची माझी इच्छाही नाही.

पण त्या दिवसानंतर लहान मूल हरवल्याची वर्दी आली की मी शिपायांना आधी विचारायला लावलं, मुलाला कुठं जायचं होतं? कुणी नेलं हे आम्ही सगळेच विचारतो. मूलही मनात काहीतरी ठरवून बसलेलं असतं, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. शिबिराच्या ताईंच्या आलं नाही, वडिलांच्या आलं नाही, माझ्याही जवळजवळ आलं नव्हतं. ते आणून दिलं एका तांब्यानं, आणि तो न सोडणाऱ्या स्वयंपाकीणबाईनं.

तो तांब्या मी स्वतः नेऊन दिला. नियमाप्रमाणे पावती केली. बाईंनी अंगठा उठवला, खाली मी सही केली. त्या अख्ख्या प्रकरणात माझं नाव असलेला कागद तेवढा एकच. त्याची प्रत मी कपाटात वरच्या खणात ठेवली आहे, जिथं लोक प्रशस्तिपत्रं ठेवतात.